ऐकण्याची कुस्ती आणि पाहण्याजोगे मल्ल

कुस्ती ही पाहण्याची वस्तु आहे, ऐकण्याची नव्हे, असा सर्वसाधारण समज आहे. असें असतांही भाईंदर किंवा मीरा रोड येथून चर्चगेटकडे निघालेल्या सकाळच्या गाडींत, कानांत लहानशीं ध्वनियंत्रें घालून उभ्या असलेल्या तरुणांपैकीं कांहीं जण रोज तासभर कुस्तीच ऐकत असतात. भाईंदरपासून चर्चगेट चाळीसांहून अधिक किलोमीटर दूर. बसावयास जागा मिळण्याचा संभव थोडा. वर्तमानपत्र उघडावें तर तें शेजाऱ्याच्या नाकास लागतें. हात अडकलेले आणि डोळे निरुपयोगी अशा त्या अवस्थेंत कान तेवढे मोकळे राहतात, व त्या मोकळ्या कानांना पॉडकास्टनें गांठलें आहे. आकाशवाणीची वेळ श्रोत्यास पाळावी लागते. पॉडकास्ट श्रोत्याची वेळ पाळतो, एवढाच दोहोंतील मुख्य भेद. हा शब्द इ. स. २००४ मध्यें बेन हॅमर्स्ले यांनीं लंडनच्या 'गार्डियन' पत्रांतील एका लेखांत सुचविला आणि तो रूढ झाला.

या तरुणांच्या कानीं पडणारी कुस्ती मात्र कोल्हापूरच्या तालमींतली नव्हे. ती अमेरिकेंतील आहे. तिला तिकडे व्यावसायिक कुस्ती म्हणतात, आणि तिचा निकाल मल्ल रिंगणांत उतरण्यापूर्वींच ठरलेला असतो. एवढें कळलें म्हणजे सुशिक्षित घरांतील वडील मंडळी नाक मुरडतात. मराठींत अशा लढतीला 'नुरा कुस्ती' हा शब्द तयारच आहे. दोन पुढारी वरवर भांडत आणि आंतून मिळालेले असले म्हणजे वर्तमानपत्रें तोच शब्द त्यांजवर योजतात. तथापि या दोहोंत एक भेद आहे. नुरा कुस्तींत प्रेक्षकाला फसविलें जातें. त्यानें तिकीट काढलेलें असतें खऱ्या निकालासाठीं, आणि त्याच्या पदरीं पडतो तो ठरवून आणलेला निकाल. व्यावसायिक कुस्तीच्या आजच्या प्रेक्षकाला सर्व कांहीं ठाऊक असतें. 'एकच प्याला' पाहावयास जाणाऱ्यास सिंधूचा शेवट ठाऊक असतो. म्हणून त्याचे डोळे भरून यावयाचे थांबत नाहींत.

पूर्वीं हा भेद इतका स्वच्छ नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील फिरत्या जत्रांतून मल्ल आव्हानें देत हिंडत. खऱ्या कुस्त्या तासन्‌तास चालत, प्रेक्षक कंटाळत, मल्ल जायबंदी होत. तेव्हां व्यवस्थापकांनीं निकाल, वेळ आणि रंगत हीं हळूहळू आपल्या हातीं घेतलीं. या स्थित्यंतराचा नमुना पाहावयाचा तर पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोचें चरित्र पाहावें. १० सप्टेंबर १९१० रोजीं लंडन येथें गामाशीं त्याची गांठ पडली. गामानें त्यास खालीं घेतलें. पण झिबिस्को जमिनीला असा चिकटून राहिला कीं दोन तासांहून अधिक काळ लोटूनही कुस्ती निकालीं निघाली नाहीं. १७ तारखेस पुन्हां गांठ ठरली होती. त्या दिवशीं झिबिस्को आलाच नाहीं. पुढें १९२५ सालीं अमेरिकेंत वेन मन नांवाच्या एका धिप्पाड फुटबॉलपटूस अजिंक्यवीर म्हणून मिरविण्याचें तेथील व्यवस्थापकांनीं योजलें. मनला कुस्ती फारशी येत नव्हती. १५ एप्रिल रोजीं फिलाडेल्फिया येथें झिबिस्कोनें ठरल्याप्रमाणें हरावयाचें होतें. त्यानें तसें केलें नाहीं. खरीखुरी कुस्ती करून त्यानें मनला चीत केलें आणि अजिंक्यपद घेऊन तो चालता झाला. त्यानंतर तीन वर्षांनीं, १९२८ मध्यें, पतियाळा येथें गामानें याच झिबिस्कोला एका मिनिटाच्या आंत अस्मान दाखविलें.

निकाल ठरलेला असतो ही गोष्ट गुप्त ठेवणें हा पुढें या धंद्याचा धर्मच झाला. या गुप्ततेला त्या धंद्यांत 'केफेब' असें सांकेतिक नांव आहे. रिंगणांत एकमेकांचे हाडवैरी असलेले मल्ल बाहेरही एका गाडींतून जात नसत, एका मेजावर जेवीत नसत. १९८९ सालीं मोठ्या कंपनीनें न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढें आपण होऊन सांगितलें कीं, आमचा खेळ ही करमणूक आहे, स्पर्धा नव्हे. सत्याची उपरति झाल्यामुळें हें घडलें असें मात्र कोणीं समजूं नये. क्रीडा-नियामक मंडळाची देखरेख व कर टळावेत एवढाच हेतु होता.

मुंबईला हा प्रकार नवा नाहीं. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर 'फ्री स्टाइल' कुस्त्यांना झुंबड उडत असे. हंगेरीकडचा एमिल झाया हा 'किंगकाँग' या नांवानें आणि पंजाबचा दारासिंग हा स्वतःच्याच नांवानें घरोघर ओळखीचा झाला. २९ मे १९६८ रोजीं दारासिंगनें मुंबईंतच लू थेझ या नामांकित अमेरिकन मल्लास हरवून जागतिक अजिंक्यपद मिळविलें. त्या काळच्या प्रेक्षकांत खऱ्याखोट्याचा वाद चाले, आणि तो वाद हाच निम्मा आनंद असे. पुढें २०१२ मध्यें अमेरिकेंतील एका कंपनीनें 'रिंग का किंग' नांवाची मालिका पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलांत चित्रित करून दूरदर्शन संचांवर आणली. ती एका मोसमापलीकडे गेली नाहीं.

आतां ऐकण्याविषयीं. केफेब गळून पडल्यावर एक नवीनच कुतूहल निर्माण झालें. जिंकलें कोण, यापेक्षां त्यालाच जिंकवावयाचें असें ठरलें कसें, ठरविलें कोणीं, आणि हरणाऱ्यानें तें कां मान्य केलें, हे प्रश्न प्रेक्षकांस अधिक गोड वाटूं लागले. या प्रश्नांचीं उत्तरें चित्रांत दाखवितां येत नाहींत; तीं सांगावीं लागतात. म्हणून हा विषय कानाला मानवला. डेव्ह मेल्टझर हे १९८२ पासून 'रेसलिंग ऑब्झर्व्हर' हें वार्तापत्र चालवीत आले आहेत, आणि ब्रायन अल्वारेझ यांजबरोबरचा त्यांचा ध्वनिकार्यक्रम हा या क्षेत्रांतील बातम्यांचा मुख्य स्रोत गणला जातो. मेल्टझर यांची बोलण्याची तऱ्हा ओबडधोबड आहे, वाक्यें अर्ध्यावर सुटतात, पण तिकिटविक्रीचे आंकडे व जुने दाखले यांचा सांठा अपार. लढतींना तारे देण्याची त्यांची पद्धति प्रसिद्धच आहे. पांच ताऱ्यांची मर्यादा ओलांडून त्यांनीं ४ जानेवारी २०१७ रोजीं टोकियो येथें झालेल्या काझुचिका ओकाडा व केनी ओमेगा यांच्या लढतीस सहा तारे दिले, आणि त्यावर जगभर वाद माजला. ब्रूस प्रिचर्ड हे पूर्वीं पडद्यामागील कारभारांत होते; त्यांना कॉनराड थॉम्प्सन हे जुन्या एकेका प्रसंगाविषयीं उलटतपासणी केल्यासारखे प्रश्न विचारतात. हा कार्यक्रम २०१६ पासूनचा. यांत ऐकणाऱ्यानें सावध असावें, कारण साक्षीदार आरोपीही आहे.

या बोलण्याला किती मोल पडूं शकतें, याचें उदाहरण कोल्ट कबाना याच्या 'आर्ट ऑफ रेसलिंग' या कार्यक्रमाचें आहे. नोव्हेंबर २०१४ मध्यें त्याचा मित्र सी. एम. पंक यानें, आपण मोठी कंपनी कां सोडली, हें तेथें सविस्तर सांगितलें. आजारपणाकडे दुर्लक्ष झालें, दुखापत असतांही रिंगणांत उतरावें लागलें, असें त्याचें म्हणणें होतें. कंपनीच्या वैद्यानें दोघांवर अब्रूनुकसानीचा दावा केला. २०१८ मध्यें ज्यूरीनें निकाल मित्रांच्या बाजूनें दिला. पण वकिलांचा खर्च कोणीं सोसावा यावरून त्या दोघांतच पुढें वाद होऊन तोही कोर्टांत गेला. पंक २०२३ मध्यें त्याच कंपनींत परत आला.

शरीराचा प्रश्न हाच या सर्व प्रकारांतील खरा गाभा आहे. निकाल ठरलेला असला तरी जमीन ठरलेली नसते. रिंगणाखालीं लोखंडी तुळया, त्यांवर लांकडी फळ्या, त्यांवर पातळ गादी व वर ताडपत्री. उताणें पडतांना मल्ल हनुवटी छातीशीं घेतो आणि पाठ व दोन्ही हात एकदम सपाट आपटतो, म्हणजे आघात एका ठिकाणीं न बसतां पसरतो. वरून उचलून टाकणाऱ्याचें काम तर अधिकच जोखमीचें, कारण प्रतिस्पर्ध्याचें डोकें व मान त्याच्या भरंवशावर असतात. आपल्याकडील वस्ताद पठ्ठ्याला समोरच्याचा तोल घालविण्यास शिकवितो; येथें समोरच्याचा तोल सांभाळून तो गेल्याचें दाखवावयाचें असतें. असें रात्रीमागून रात्र, वर्षांमागून वर्षें. मोठ्या कंपनीचे मल्ल कायद्याच्या भाषेंत नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार असतात. २३ मे १९९९ रोजीं कॅन्सस सिटी येथें ओवेन हार्ट हा छतावरून दोरीनें उतरत असतां पडून मरण पावला. खेळ त्या रात्रीं पुढें चालूच राहिला. जून २००७ मध्यें क्रिस बेन्वा यानें पत्नी व लहान मुलगा यांचे प्राण घेऊन आत्महत्या केली, आणि त्याच्या मेंदूची तपासणी करणाऱ्यांस वारंवारच्या आघातांनीं झालेली गंभीर हानि आढळली. हें ऐकल्यावर 'खोटी कुस्ती' हा शब्द उच्चारतांना जीभ थोडी अडखळावी.

तेव्हां पाहावें कोणाला? आकारावर भाळूं नये. हिमाचल प्रदेशचा दलिपसिंग राणा, ऊर्फ ग्रेट खली, हा २००७ मध्यें जागतिक अजिंक्यपदापर्यंत पोंचला. सात फुटांहून उंच असा देह पाहून लोक थक्क झाले, परंतु त्याच देहामुळें त्याच्या हालचाली मर्यादित राहिल्या. कॅनडांत जन्मलेला जिंदर महल २०१७ मध्यें अजिंक्य ठरला, त्यांत त्याच्या कौशल्यापेक्षां हिंदुस्थानच्या बाजारपेठेचा विचार अधिक होता असें जाणकार मानतात. याच्या उलट ऑस्ट्रियाचा गुंथर पाहावा. उगीच उड्या नाहींत, दिखाऊ कसरत नाहीं. उघड्या पंजाचा छातीवरील एक तडाखा, आणि तो केव्हां मारावयाचा याचें अचूक भान. त्यानें एक अजिंक्यपद सलग ६६६ दिवस राखिलें, आणि एप्रिल २०२४ मध्यें तें त्याजकडून सॅमी झेन यानें घेतलें. झेनची खुबी हरण्यांत आहे: तो मार असा खातो कीं पाहणाऱ्याच्या बरगड्या दुखाव्या. दोघांची जोड जमली म्हणजे ठरलेल्या कुस्तींतही श्वास रोखला जातो.

महाराष्ट्रांतील श्रोत्यास ऐकण्याच्या कुस्तीचें हें वेड परकें वाटूं नये. गांवोगांवच्या मैदानांत हलगी कडाडते, आणि ध्वनिवर्धकावरून निवेदक पैलवानाचें गांव, तालीम, वस्ताद, आजवरचे पराक्रम हें सर्व एका दमांत सांगतो. मागें बसलेल्या हजारोंना हौद्यांतला डाव दिसण्यापूर्वीं ऐकूं येतो. कोथळीच्या शंकर पुजारी यांचा आवाज पश्चिम महाराष्ट्राच्या मैदानांत कित्येक वर्षें परिचित आहे. ढाक लागली कीं घिस्सा, पट निघाला कीं नुसताच हुकला, हें त्या आवाजावरून कळतें. शाहू महाराजांनीं उभारलेलें व १९१२ मध्यें खुलें झालेलें कोल्हापूरचें खासबाग मैदान गोलाकार असल्यामुळें तेथें आवाज व दृष्टि दोन्ही पोंचतात. राहुल आवारे यांचा उदय पाटोद्यासारख्या गांवांतून झाला. २०१८ मध्यें राष्ट्रकुल सुवर्ण व २०१९ मध्यें जागतिक स्पर्धेंतील कांस्यपदक त्यांनीं मिळविलें. स्त्रियांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्यें सांगलीस झाली. तींत सांगलीच्या प्रतीक्षा बागडी विजयी झाल्या, आणि अंतिम लढतींत त्यांच्यासमोर होत्या ठाणें जिल्ह्यांतीलच, कल्याणच्या वैष्णवी पाटील.

खऱ्या कुस्तींत सर्व कांहीं निर्मळ असतें असें मानण्याचेंही कारण नाहीं. २०२५ च्या आरंभीं अहिल्यानगर येथें महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाच्या अंतिम लढतींत शिवराज राक्षे यांस पंचांचा निर्णय मान्य झाला नाहीं; वाद हातघाईवर आला आणि त्यांजवर तीन वर्षांची बंदी घालण्यांत आली. खाशाबा जाधव यांना १९५२ मध्यें हेलसिंकीस जाण्यासाठीं वर्गणी गोळा करावी लागली होती, आणि कांस्यपदक घेऊन परतलेल्या त्या मल्लास अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर.

ज्या घरांत मुलें हा खेळ पाहतात त्या घरांतील मोठ्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. इंग्रजी पॉडकास्टांतील भाषा पुष्कळदां शिवराळ असते, जिम कॉर्नेट यांच्या कार्यक्रमांत तर ती वाक्यागणिक येते. तेव्हां मुलांच्या हातीं देण्यापूर्वीं एखादा भाग स्वतः ऐकावा. दुसरें, गादीवरून पलंगावर व पलंगावरून जमिनीवर उडी घेणाऱ्या मुलाला 'तें सगळें खोटें असतें' असें सांगून भागत नाहीं. त्याला हनुवटी छातीशीं कां घेतात तें समजावून सांगावें, आणि मग शेजारच्या तालमींत नेऊन, लाल मातींत पहिली सहा महिने नुसत्या बैठका व जोर काढावे लागतात हें दाखवावें.