बर्फाकडे निघताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

परवा रात्री डोंबिवलीहून भाचीचा फोन आला. मुलीच्या शाळेला नाताळची सुट्टी लागणार, मनालीची तिकिटं दोन महिने आधी काढलेली, हॉटेलचे पैसेही भरून झालेले. आणि आता बातम्यांत सांगताहेत, की हिमाचलात जोरदार बर्फवृष्टी होईल, सोसाट्याचा वारा सुटेल. ‘मामू, हे वेधशाळेवाले सांगतात ते खरं होतं का हो?’ तिनं विचारलं.

मी लगेच उत्तर दिलं नाही. हाच प्रश्न एकदा मीही मनाशी विचारला होता आणि तो मला फार महाग पडला. ती हकिगत पुढे सांगेनच. आधी आपल्या सवयीविषयी थोडं बोलू.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतची आपण सगळी माणसं मिनिटांवर जगणारी. ७.४८ ची फास्ट चुकली, तर दिवस हातातून गेला असं आपल्याला वाटतं. सहलीला निघतानाही आपण हेच वेळापत्रक सोबत नेतो. सोमवारी मनाली, मंगळवारी सोलंग, बुधवारी बोगद्यापलीकडे लाहौल, गुरुवारी परत. यात मोकळा दिवस नसतो. असला, तर तो फुकट गेला असं आपण मानतो. पण डोंगराला वेळापत्रक नसतं. तिथे असतो तो फक्त हवामानाचा अंदाज. म्हणून तो वाचायचा कसा, हे समजून घेतलं पाहिजे.

मुळात हा बर्फ येतो कुठून? आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. हिवाळ्यातला हिमालयातला बर्फ मात्र बराच दुरून, पश्चिमेकडून येतो. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या बाजूला हवेच्या कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात. खूप उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे त्यांना इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून आपल्याकडे ढकलत आणतात. वाटेत त्यांना बाष्प मिळत राहतं. हिमालयाच्या भिंतीला थटल्यावर ही हवा वर चढते, गार होते आणि तिच्यातलं बाष्प खाली पाऊस होऊन आणि उंचावर बर्फ होऊन पडतं. याला आपल्याकडे पश्चिमी झंझावात म्हणतात. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा झंझावात येतात. काही नुसते ढग दाखवून निघून जातात, तर काही रस्ते बंद करतात.

आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. त्याच झंझावाताचं शेपूट आपल्या अंगणातही येतं. तो पुढे सरकला, की मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे थेट महाराष्ट्रापर्यंत उतरतात आणि मग कल्याण-बदलापूरला कपाटातले स्वेटर बाहेर निघतात. समुद्राजवळ पारा फारसा उतरत नाही. जसजसं आत जावं, तसतशी रात्र अधिक गार होते. तरीही मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश सेल्सिअस इतकं कमी तापमान नोंदलं गेलं होतं. आणि २३ जानेवारी २०२२ चा तो रविवार आठवतोय का? सकाळी गाड्यांवर पांढुरकी धूळ साचली होती, दिवसभर वारा होता आणि क्षितिज दिसत नव्हतं. पाकिस्तानच्या बाजूनं आलेलं ते धुळीचं वादळ अशाच एका झंझावातानं आपल्याकडे पाठवलं होतं. त्याच सुमाराला हिमाचलात बर्फ पडत होता. म्हणजे ज्या हवेनं तिकडे बर्फ टाकला, तिनंच इकडे धूळ टाकली.

या सगळ्यावर नजर ठेवणारं भारतीय हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा चौक आहे. महाराष्ट्राच्या मध्यावर सिमला कुठून आलं, याचं अनेकांना नवल वाटतं. हवामान खात्याचं मुख्यालय एके काळी सिमल्यात होतं, ते १९२८ मध्ये पुण्यात आलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण नाव मात्र पुणेकरांच्या तोंडी राहिलं. आज हवामानाच्या गणिताचं मोठं काम पुण्यातच चालतं. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं तयार केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये सुरू झाली. नकाशावर चौकोन आखावेत, तसे ती पृथ्वीवर सहा किलोमीटरचे चौकोन आखते आणि एकेका चौकोनातली हवा पुढे कशी बदलेल याचं गणित मांडते. याआधीचे चौकोन बारा किलोमीटरचे होते.

सहा किलोमीटर म्हणजे ठाकुर्लीहून निघून कल्याण ओलांडून जाण्याएवढं अंतर. सपाट प्रदेशात तेवढ्यात हवा फारशी बदलत नाही. पण डोंगरात तेवढ्याच अंतरात एक दरी, एक सुळका आणि एक खिंड मावते. साधारण हजार मीटर वर चढलं, की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे, तर रोहतांग खिंड जवळजवळ चार हजार मीटरवर. म्हणजे मनालीच्या बाजारात रिमझिम पाऊस असेल, त्याच घटकेला वर बर्फाचं थैमान चालू असू शकतं. हॉटेलच्या खिडकीतून आभाळ पाहून ‘आज काही नाही’ असं ठरवणं म्हणूनच धोक्याचं.

अंदाजाची भाषाही नीट ऐकली पाहिजे. रेडिओवर ‘तुरळक ठिकाणी’ असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. आपल्याला वाटतं, म्हणजे थोडासा. तसं नाही. हा शब्द किती पडेल हे सांगत नाही, किती जागी पडेल हे सांगतो. विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत ठिकाणी पडणार असेल, तर तुरळक. पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक ठिकाणी असेल, तर बहुतांश. तुरळक ठिकाणीही अतिजोरदार बर्फ पडू शकतो आणि ते ठिकाण नेमकं तुमच्या वाटेवर असू शकतं.

आणि ते रंग. हिरवा म्हणजे काही करायची गरज नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा, बेत बदलावा लागेल. लाल म्हणजे आता कृती करा. सिग्नलला पिवळा दिसला, की आपण वेग वाढवतो. ती सवय इथे कामाची नाही. शिवाय अंदाज जितका जवळचा, तितका भरवशाचा. चार-पाच दिवसांपुढचा अंदाज दिशा दाखवतो, तपशील नाही. म्हणून अंदाज एकदा पाहून सोडून द्यायचा नसतो. फलाटावरचा इंडिकेटर आपण पुन:पुन्हा पाहतो, तसा तो रोज सकाळ-संध्याकाळ पाहायचा.

वाऱ्याकडे तर आपण लक्षच देत नाही. आपल्या अंगाच्या उबेचा एक पातळ थर त्वचेभोवती असतो. वारा तो थर सतत काढून नेतो. पारा शून्य अंशावर असेल आणि वारा ताशी चाळीस किलोमीटरचा असेल, तर उघड्या त्वचेला उणे सात अंशांइतकी थंडी लागते. त्यातून कपडे ओले असतील, तर लहान मुलं आणि म्हातारी माणसं फार लवकर गारठतात. म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा एकावर एक पातळ कपडे आणि वरून वारा-पाणी अडवणारं जाकीट हे अधिक उपयोगी.

मनालीहून लाहौलकडे जाणारा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाला आणि हिवाळ्यातही पलीकडचा बर्फ गाठता येऊ लागला. वाट सोपी झाली, गर्दी वाढली. पण बोगद्याच्या दोन्ही तोंडांना रस्ता उघड्यावरच असतो आणि त्यावर बर्फ पडायचा तो पडतोच. २७ डिसेंबर २०२४ रोजी सोलंग भागात जोरदार बर्फ पडला आणि सुमारे हजार गाड्या अडकल्या. कुल्लू पोलिसांनी पाचएक हजार पर्यटकांना सुखरूप खाली आणलं.

सगळीकडे असं होत नाही. पाकिस्तानातलं मरी हेही आपल्या मनालीसारखंच थंड हवेचं ठिकाण. जानेवारी २०२२ मध्ये बर्फ पाहायला तिथे हजारो गाड्या गेल्या. हवामान खात्यानं आधी इशारा दिला होता. ७ जानेवारीच्या रात्री गाड्या रस्त्यातच अडकल्या आणि सकाळपर्यंत किमान बावीस माणसं दगावली. त्यात लहान मुलंही होती. थंडी तर होतीच, पण आणखी एक कारण गाडीच्या आत होतं. उबेसाठी इंजिन चालू ठेवलं, काचा बंद केल्या. मागे सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलं, की कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला नुसती गुंगी येते आणि ती झोपेसारखी वाटते. म्हणून गाडी अडकली, तर सायलेन्सरभोवतीचा बर्फ आधी काढावा, काच बोटभर उघडी ठेवावी आणि इंजिन थोडा वेळच चालवावं. हॉटेलच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये, तेही याचसाठी.

आता माझी हकिगत. २००३ च्या जानेवारीत मी लखनौला एका कविसंमेलनाला गेलो होतो. घरी, कल्याणला, अब्बांची तब्येत बरी नव्हती. पहिल्या दिवशी माझं काव्यवाचन झालं. त्या रात्री रेडिओवर सांगितलं, की मैदानी भागात धुकं आणखी दाट होईल. संयोजकांपैकी एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, ‘रात्रीच्याच गाडीनं निघा. उद्यापासून गाड्यांचं काही खरं नाही.’ पण दुसऱ्या दिवशी सत्काराचा कार्यक्रम होता. मी मनाशी म्हटलं, वेधशाळेचं कधी खरं होतं का? आणि थांबलो. शाल घेतली आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो.

हे धुकंही झंझावाताच्या मागूनच येतं. पाऊस पडून जमीन ओली झालेली, आकाश निरभ्र, वारा थांबलेला. अशा रात्री जमीन झपाट्यानं निवते आणि तिच्यालगतच्या हवेतलं बाष्प सूक्ष्म थेंबांत बदलतं. पन्नास मीटरपलीकडचं दिसत नाही, तिथे ड्रायव्हरला सिग्नल कसा दिसणार? तेव्हा सिग्नलच्या अलीकडे रुळांवर फटाके लावत. चाकाखाली ते वाजले, की ड्रायव्हरला कळायचं, सिग्नल जवळ आला. आता इंजिनात सिग्नलची आगाऊ सूचना देणारी यंत्रं आहेत. तरीही धुक्यात गाडीचा वेग ताशी पंचाहत्तर किलोमीटरच्या आतच ठेवतात आणि ते योग्यच आहे. शिवाय एकदा वेळ चुकलेल्या गाडीला पुढे वेळेवरच्या गाड्यांना वाट करून द्यावी लागते. उशीर वाढतच जातो.

माझी गाडी रात्रभर रांगत राहिली. दुसऱ्या दिवशी भुसावळच्या फलाटावरच्या एसटीडी बूथवरून मी घरी फोन केला. धाकट्या भावानं उचलला. ‘अब्बा पहाटे गेले,’ तो म्हणाला. ‘भाईजान, किती वाजेपर्यंत पोचाल?’ मला सांगता आलं नाही. आमच्यात मयत फार वेळ ठेवत नाहीत. मी म्हटलं, ‘माझ्यासाठी थांबू नका.’ कल्याणला उतरलो, तेव्हा रात्र झाली होती आणि माणसं कब्रस्तानातून कधीच परतली होती.

यात धुक्याचा दोष नव्हता, रेल्वेचा नव्हता, वेधशाळेचा तर नव्हताच. तिनं आधी सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. फक्त ऐकून काही बदललं नव्हतं. वेधशाळेनं पाऊस सांगितला आणि ऊन पडलं, की आपण वर्षभर हसतो. तिचं ऐकून घरी थांबलेल्या माणसाची मात्र काही गोष्टच होत नाही. त्याच्या बाबतीत काही घडतच नाही ना!

म्हणून भाचीला दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, ‘खरं होईल का, हे विचारू नकोस. खरं झालं तर आपण काय करायचं, ते आजच ठरव. सहलीत एक दिवस मोकळा ठेव. नारिंगी इशारा असेल, त्या दिवशी वर जाऊ नका, मनालीतच फिरा. रोज मोबाइलवर हवामान खात्याचं ‘मौसम’ पाहा आणि तिथल्या ड्रायव्हरनं, पोलिसानं ‘परत फिरा’ म्हटलं, तर हुज्जत घालू नका. औषधं, पाणी, सुका खाऊ, बॅटरी आणि एक जादा ब्लँकेट गाडीतच राहू दे. आणि आम्हाला पोचण्याची नक्की वेळ सांगू नकोस.’

‘म्हणजे एक दिवसाची रजा वाढवायची?’ तिनं विचारलं. मग थोडा वेळ थांबून म्हणाली, ‘बघते.’

संध्याकाळी तिचा निरोप आला. परतीची तिकिटं तिनं एक दिवस पुढे ढकलली होती. मी म्हटलं, आणखी उशीर झाला तरी चालेल. जेवण झाकून ठेवू.