चारही चाके रस्त्यावर : टोचनामागील यंत्रशास्त्र

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा-गडचांदूर-कोरपना या पट्ट्यात चुनखडीच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि कोळशाची वाहतूक एकवटलेली असल्यामुळे येथील रस्त्यांवर अवजड वाहनांची वर्दळ अखंड चालते, आणि त्यातले एखादे वाहन बंद पडले की दुसऱ्या वाहनाला दोर, साखळी किंवा लोखंडी दांडा बांधून ते त्याच्याच चाकांवर ओढत नेले जाते. या क्रियेला चालक आणि मिस्त्री ‘टोचन’ म्हणतात. अमेरिकेत हीच क्रिया हौसेच्या प्रवासाचा भाग झाली आहे: मोटरहोम, म्हणजे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली बसएवढी गाडी, एका तळावर उभी करून आसपास हिंडता यावे म्हणून तिच्यामागे धडधाकट पिकअप जोडून शेकडो किलोमीटर ओढत नेतात. दोन्हीकडे यंत्राचा प्रश्न मात्र एकच आहे. इंजिन बंद असलेल्या गाडीची चाके फिरू लागली की तिच्या आत काय घडते?

नेहमीच्या स्थितीत शक्ती इंजिनाकडून गिअरबॉक्समार्गे चाकांकडे जाते; टोचन केलेल्या गाडीत हा प्रवाह उलटतो आणि चाकेच आतील भागांना फिरवू लागतात. बोलेरोसारख्या मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या पिकअपमध्ये मागची चाके फिरली की डिफरन्शिअल फिरते, त्याच्याबरोबर गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट फिरतो, आणि तो गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टला फिरवतो. गिअर न्यूट्रलमध्ये असला तरी हे टळत नाही. अनेक गिअरबॉक्समध्ये तळाच्या तेलात बुडालेला काउंटर शाफ्ट फिरताना तेल उडवून वरच्या भागांना वंगण पुरवतो. परंतु हा शाफ्ट इंजिनाच्या बाजूशी जोडलेला असल्याने इंजिन बंद असताना जागच्या जागी थांबलेला असतो, आणि वरचे बेअरिंग कोरडे फिरत राहतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये धोका अधिक असतो, कारण तेथे तेलाचा पंपच इंजिनाच्या बळावर चालतो. तो थांबला की आतल्या दात्यांना व क्लचच्या तबकड्यांना तेल मिळत नाही आणि थोड्याच अंतरात त्या तापून निकामी होऊ शकतात.

अमेरिकी प्रवासी यासाठी चारही चाकांना शक्ती देणारी वाहने निवडतात, त्यामागचे कारण येथे आहे. जीप रँग्लरसारख्या अशा वाहनांत गिअरबॉक्सनंतर ट्रान्सफर केस नावाचा दुसरा डबा असतो, जो पुढच्या व मागच्या चाकांत शक्ती वाटतो. त्याला स्वतःचा न्यूट्रल असेल, तर चाके आणि गिअरबॉक्स यांचा संबंध पूर्ण तुटतो. ज्या पिकअपमध्ये ही सोय नाही तिचा प्रोपेलर शाफ्ट सोडवावा लागतो किंवा मागची चाके उचलावी लागतात. गडचांदूर परिसरातील बहुसंख्य पिकअप याच दुसऱ्या वर्गातल्या आहेत, आणि ट्रक लांब न्यायचा असल्यास जाणता मिस्त्री आधी प्रोपेलर शाफ्ट सोडवतो किंवा मागचे एक्सल काढून घेतो, ते याच यांत्रिक कारणाने.

गिअरबॉक्सचे नुकसान पैशाने भरून निघते, ब्रेकचे तसे नाही. इंजिन थांबले की ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात-यंत्रणा आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही थांबतात, त्यामुळे पेडल दगडासारखे कडक होते आणि स्टिअरिंग वळवायला बराच जास्त जोर लागतो. चावी काढून घेतली तर स्टिअरिंग कुलूपबंद होऊन गाडी वळेनाशीच होते. ट्रकमध्ये टाकीतली हवा उतरली की स्प्रिंगचे ब्रेक आपोआप लागतात आणि ते सोडवल्याशिवाय चाके हलत नाहीत. सोडवल्यावर मात्र त्या ट्रकला स्वतःचा ब्रेक उरत नाही. मोटरहोममागच्या पिकअपला म्हणूनच दोर चालत नाही. तेथे पिकअपच्या चासीला पक्की पट्टी बसवून ताठ टो-बार, सुरक्षेच्या साखळ्या, मागच्या दिव्यांची जोडणी, पुढच्या गाडीचा ब्रेक लागताच मागच्या गाडीचाही ब्रेक दाबणारे स्वतंत्र साधन आणि जोड तुटल्यास तो ब्रेक आपोआप लावणारी कळ, इतका सरंजाम लागतो. एवढे करूनही अशी जोडी मागे घेता येत नाही, कारण मागच्या गाडीची पुढची चाके वाटेल तिकडे वळतात.

दोराचा दोष उतारावर उघडा पडतो. गडचांदूरहून जिवतीकडे माणिकगडच्या डोंगरात चढणाऱ्या रस्त्यावर समजा वीसास एक चढ असेल, तर तीन टनांच्या भरलेल्या पिकअपला नुसते धरून ठेवण्यासाठी सुमारे दीडशे किलोचा ताण दोरावर येतो, आणि सैल दोराला हिसका बसला तर तो कित्येक पटींनी वाढतो. उतरताना दोर सैल पडून मागची गाडी पुढच्या गाडीवर आदळू शकते. ताठ दांडा निदान हे अंतर कायम राखतो.

भारतीय कायद्याने ही जोखीम फार पूर्वी ओळखली आहे. १९८९ च्या मोटार वाहन रस्ता-नियमांनुसार नोंदणीकृत ट्रेलर वगळता नादुरुस्त किंवा अर्धवट जोडणी झालेले वाहनच ओढता येत असे, ओढल्या जाणाऱ्या वाहनात परवानाधारक चालक असणे किंवा त्याची पुढची चाके उचललेली असणे आवश्यक होते, दोन वाहनांतील अंतर ५ मीटरपेक्षा जास्त आणि वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा अधिक असता कामा नये, असा दंडक होता. २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. वेगमर्यादेतला शहाणपणा साध्या गणिताने पटतो: ताशी २४ किलोमीटर वेगाने ५ मीटर कापायला पाऊण सेकंद लागतो, म्हणजे धोका दिसल्यावर मागच्या चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचायला लागणाऱ्या वेळाइतकाच किंवा त्याहूनही कमी, ताशी ६० ला तर ते एक तृतीयांश सेकंदाहूनही कमी भरते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन, म्हणजे मोटरहोमसारख्या गाड्यांच्या, पर्यटनाचे धोरण स्वीकारले असून ताडोबासारख्या ठिकाणी अशा गाड्यांना वाव आहे; पण त्यांच्यामागे चालू पिकअप बांधण्याची अमेरिकी पद्धत नादुरुस्त वाहनच ओढण्याच्या वरील तत्त्वात बसत नाही, आणि अरुंद, अवजड वाहनांनी भरलेल्या या रस्त्यांवर ती आणूही नये.

विजेवर चालणाऱ्या वाहनांत चाके थेट मोटरला फिरवतात व मोटर वीज निर्माण करू लागते, म्हणून बहुतेक उत्पादक अशी वाहने सपाट ट्रकवर चढवूनच न्यायला सांगतात. बहुतेक गाड्यांच्या मालक-पुस्तिकेत ओढून नेण्याविषयी स्वतंत्र पान असते. गाडी बंद पडण्यापूर्वीच ते वाचावे, आणि राष्ट्रीय महामार्गावर अडचण आल्यास दोर शोधण्याआधी १०३३ या मदतक्रमांकावर फोन करून क्रेन मागवावी.