ब्रेकचा हलका जबडा : अ‍ॅल्युमिनियमच्या कॅलिपरविषयी

‘कॅलिपर’ हे मुळात मापनाच्या एका साधनाचे नाव होय. वस्तूला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन तिची जाडी सांगणारे असे ते दोन पायांचे साधन. इंग्रजीतील हा शब्द ‘कॅलिबर’चेच रूपांतर असून त्याच्या मुळाशी अरबी ‘कालिब’, म्हणजे साचा, हा शब्द असावा असे मानले जाते. मोटारीच्या चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही अंगांनी धरणाऱ्या जबड्यास हेच नाव मिळाले, ते रूपसाम्यामुळे. ब्रेकला ‘गतिरोधक’ म्हणावे, तर तो शब्द रस्त्यावरील उंचवट्याने केव्हाच बळकावला आहे. तेव्हा येथे गॅरेजमधील शब्दच वापरणे बरे.

2002 साली बाजारात आलेली स्कॉर्पिओ ही नाशिकच्या कारखान्यात तयार होऊ लागलेली गाडी. तिच्या पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम अशी मूळ योजना होती. अशा गाडीचे पुढचे बिडाचे कॅलिपर काढून तेथे अ‍ॅल्युमिनियमचे बसवावेत, म्हणजे ब्रेक ‘चांगला लागेल’, अशी समजूत हौशी मंडळींत आढळते. ती कितपत खरी, हे पाहावयाचे आहे.

बिडाची घनता सुमारे 7.2, तर अ‍ॅल्युमिनियमची 2.7. परंतु जबड्यासाठी वापरले जाणारे बीड अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जवळजवळ अडीच पट ताठ असते. पेडल जोरात दाबले असता जबडा फाकू नये म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा भाग जाड करावा लागतो आणि वाचलेल्या वजनाचा काही अंश तेथेच परत जातो. उरलेला लाभ मात्र खरा आहे. कॅलिपर स्प्रिंगांच्या खाली असतो; तेथील भार कमी झाला की खाचखळग्यांतून चाक जमिनीला अधिक धरून चालते. तथापि चाक, टायर व डिस्क यांच्या एकत्रित वजनापुढे ही बचत लहानच होय.

थांबण्याच्या अंतराचे काय? गाडी अखेर थांबते ती टायर व रस्ता यांच्यातील घर्षणाने. मूळचा ब्रेक सुस्थितीत असून चाक जखडण्याइतका जोर लावू शकत असेल, तर एकदाच करावयाच्या थांब्यात नवा कॅलिपर काहीही वाचवीत नाही.

खरी कसोटी कसारा घाटात लागते. प्रवाशांसह दोन टन वजनाची गाडी 300 मीटर खाली उतरली, तर सुमारे 59 लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेने अठरा लिटर पाणी 25 अंशांपासून उकळीपर्यंत तापविता येईल. गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक यातील बहुतेक भार ब्रेकवर टाकतो. ही उष्णता साठते ती डिस्कमध्ये, कॅलिपरमध्ये नव्हे. डिस्क तीच ठेवून जबडा तेवढा बदलला, तर साठवणीची शक्ती वाढत नाही. अ‍ॅल्युमिनियम उष्णता बिडापेक्षा कितीतरी जलद वाहून नेते. ती हवेत लवकर सोडली जाते हे इष्टच. पण तीच ब्रेक ऑइलपर्यंतही लवकर पोहोचू शकते. डॉट 4 प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 155 अंश आहे. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दबते आणि पेडल तळाशी जाते. म्हणून घाटाची भीती असणाऱ्याने प्रथम ऑइल बदलावे आणि उतारावर खालचा गिअर ठेवावा. यास खर्च थोडा येतो, पण मिरविण्याजोगे काही हाती लागत नाही, ही अडचण.

तरीही कॅलिपर बदलावयाचाच असेल, तर धातूपेक्षा पिस्टनच्या क्षेत्रफळाकडे अधिक लक्ष द्यावे. ते वाढले तर पेडल अधिक खोल जाते आणि पुढचा ब्रेक मागच्याच्या मानाने प्रबळ होऊन ठरवून दिलेला समतोल मोडतो. घटले तर पेडल उथळ होते, परंतु पाय अधिक जोराने दाबावा लागतो. पोलादी बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये जास्त आवळला तर आटे मरतात. आणि पावसाळ्यात दोन धातूंच्या सांध्यात पाणी राहिले, तर अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल करण्यास मनाई करते. त्यामुळे त्याच गाडीसाठी उत्पादकाने मान्य केलेला भाग आहे किंवा कसे, ही चौकशी पैसे मोजण्यापूर्वीच करावयास हवी.