साडेत्रेसष्ट अंशांचं आभाळ

नवं घर बघायला गेलो की बाकीचे टाइल्स, नळ आणि पार्किंग बघतात. मी आधी खिडकीशी जातो आणि मान वर करून आभाळ कुठे सुरू होतं ते बघतो. घरातल्या लोकांना याचा आता कंटाळा आलाय. पण याच खोडीपायी मी मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या इतिहासात शिरलो आणि तिथे जे. पी. ऑर नावाचा एक सनदी अधिकारी भेटला. मुंबईच्या इतिहासाच्या पुस्तकांत तो बहुधा तळटिपेत असतो. माझ्या मते, गरिबाच्या घराविषयी या प्रांतात कुणी सर्वांत नेमका प्रश्न विचारला असेल, तर तो त्यानं.

पार्श्वभूमी वाचकांना ठाऊकच आहे. १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला, माणसं पळाली, घरं धुतली गेली, छपरं उचकटली गेली. राहायला नालायक ठरलेल्या घरांच्या दारांवर पालिकेची माणसं ‘यू. एच. एच.’ अशी तीन अक्षरं रंगवून जात. १८९८ मध्ये ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यानं नागपाड्यापासून पाडापाडी सुरू केली. पाडलं भरपूर, त्या मानानं बांधलं कमी. उठवलेली माणसं शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरली. म्हणजे गर्दी हटली नाही, नुसती सरकली.

ऑर १९०९ मध्ये ट्रस्टचा अध्यक्ष झाला आणि जवळपास दहा वर्षं त्या खुर्चीवर होता. सरसकट पाडापाडीवर त्याचा भरवसा नव्हता. गल्ली उघडी करा, मधलं एखादं घर काढा आणि शहराबाहेर नवी जमीन तयार करून गर्दीला तिकडे वाट द्या, असा त्याचा रोख होता. १९१२ साली त्यानं मुंबईतल्या घरांमधल्या उजेड-वाऱ्यावर एक व्याख्यान दिलं. विषय रुक्ष, पण त्यात एक आकडा आहे, साडेत्रेसष्ट अंश. तो त्याचा स्वतःचा नव्हे. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यात घरामागच्या मोकळ्या जागेसाठी हाच कोन होता. ऑरनं तो मुंबईच्या चाळींना लावला.

नियम शाळकरी पोरालाही कळेल असा आहे. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे दोरी ताणा. दोरीचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त नको. या कोनाचा टॅन्जंट जवळजवळ दोन, म्हणजे समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल तर मध्ये वीस फूट मोकळं हवं. उंचीच्या निम्मं. एवढं असलं की तळमजल्यावरच्या खोलीलाही आभाळाचा एक तुकडा मिळतो.

खरी गोम पंचेचाळीस अंशांत आहे. तो कोन धरला तर इमारतीच्या उंचीइतकीच मोकळी जागा सोडावी लागते. उजेड उत्तम, पण मुंबईतल्या जमिनीच्या भावात अशा खोलीचं भाडं गिरणी कामगाराला झेपणार नाही, हे उघड होतं. दुसऱ्या बाजूला घरमालक. त्यांच्या हिशेबात सोडलेला प्रत्येक फूट म्हणजे बुडालेलं भाडं. साडेत्रेसष्ट ही या दोन टोकांमधली तडजोड होती: याहून कमी उजेडात माणूस आजारी पडतो आणि याहून जास्त उजेड गरिबाला परवडत नाही. आरोग्य आणि भाडं एकाच आकृतीत मांडणारा माणूस मला फार आवडतो. आज आपल्याकडे आरोग्य खातं वेगळं, गृहनिर्माण खातं वेगळं आणि दोन्ही फायलींची गाठ पडत नाही.

ऑरला संत करायचं कारण नाही. त्याच्या कोनाचा फायदा कुणाला झाला ते बघा. दादर-माटुंग्याच्या ट्रस्टच्या आखणीत रुंद रस्ते, सुट्या इमारती आणि चारी बाजूंनी वारा आला. राहायला मात्र बहुतांशी पांढरपेशे गेले. कामगारांच्या वाट्याला ट्रस्टच्या चाळी आल्या. परळच्या बी. आय. टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षं राहिले. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या, एकीत संसार, दुसरीत पुस्तकं. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्यांचं घर हेच होतं. पुढे त्यांनी ‘राजगृह’ बांधलं ते दादरच्या हिंदू कॉलनीत, म्हणजे ट्रस्टनंच आखलेल्या जमिनीवर. एकाच संस्थेनं दोन वर्गांना दिलेली दोन घरं त्यांनी आतून पाहिली.

ऑरनंतरची सत्तरेक वर्षं भराभर ओलांडू. बी. डी. डी.च्या २०७ चाळी, स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती, मग झोपडपट्टी निर्मूलन, मग सुधारणा, मग पुनर्वसन. प्रत्येक टप्प्यावर नवी योजना, नवं नाव. थांबायचं ते १९९१ च्या मुंबई विकास नियंत्रण नियमावलीशी. झोपडपट्टी पुनर्वसनात एका हेक्टरला किमान ५०० घरं हवीत असं पुढे ठरलं आणि ती बसावीत म्हणून दोन इमारतींमधलं अंतर कमी करायची मुभा मिळाली. फुकट घर द्यायचं, त्याचा खर्च बिल्डरनं विक्रीच्या इमारतीतून काढायचा आणि विक्रीसाठी जमीन मोकळी राहावी म्हणून गरिबांना एका कोपऱ्यात दाटीनं उभं करायचं, असं हे गणित. ऑरच्या काळातले घरमालक अखेर जिंकले, तेही सरकारी शिक्क्यानं.

याचं फळ गोवंडीत दिसतं. प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये सात-आठ मजली इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. सात मजले म्हणजे साधारण २१ मीटर. ऑरच्या नियमानं मध्ये साडेदहा मीटर हवेत. तीन मीटरवर कोन होतो सुमारे ८२ अंशांचा. तळमजल्यावर खिडकीतून आभाळ दिसावं म्हणून माणसानं जमिनीवर उताणंच पडायला हवं. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेनं इथे, लल्लूभाई कंपाउंडमध्ये आणि जवळच्या पी. एम. जी. पी. वसाहतीत पाहणी केली. तिचा अहवाल २०१८ मध्ये गाजला. पहिल्या दोन वसाहतींत क्षयाचं प्रमाण तिसरीपेक्षा कितीतरी जास्त निघालं. खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन आणि वारा पोचत नाही तिथे, धोका अधिक. रुग्ण खोकतो, जंतू हवेत तरंगतात; वारा असेल तर ते पांगतात, उन्हात मरतात. इथे दोन्ही नाही. एकाच भागातली, सारख्याच कमाईची माणसं. फरक मुख्यतः इमारतींच्या मांडणीचा. झोपडीतून पक्क्या घरात नेलं आणि क्षय दिला, इतकं स्पष्ट बोलायला हरकत नसावी.

आता आमचं नाशिक. इथे ‘सिडको’ म्हणजे उत्तमनगर, पवननगर, सावतानगर, त्रिमूर्ती चौक. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत रोजगार आला, त्या कामगारांसाठी सिडको या सरकारी महामंडळानं मोरवाडी, उंटवाडी, कामटवाडे, अंबडच्या शिवारात सहा योजनांमध्ये सुमारे पंचवीस हजार घरं बांधली. बहुतेक घरं अल्प उत्पन्न गटासाठी. हप्त्यांवर मिळालेली, बैठी, एकमेकांना लागून, पण पुढे-मागे थोडं अंगण. वास्तुकलेच्या मासिकांनी या घरांचं कधी कौतुक केल्याचं मी वाचलेलं नाही. तरी माझ्या मते गरिबांच्या घरांचा महाराष्ट्रातला हा मोठा यशस्वी प्रयोग आहे, कारण घर लहान असलं तरी पायाखाली जमीन होती आणि डोक्यावर आभाळ. पोरगा कमावता झाला की खोली, लग्न ठरलं की वरचा मजला. पगाराला झेपेल त्या गतीनं घर वाढलं.

मी शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि दोऱ्याला बांधलेला एक नट घेऊन या गल्ल्यांमधून हिंडलोय. अजून बैठ्याच राहिलेल्या घरासमोर धरला तर कोन तीसच्या पुढे क्वचित जातो. समोर दोन मजले चढलेले असतील तर साठ ओलांडतो. मात्र खरी गडबड मागच्या बाजूला आहे. मागचं अंगण दोन्हीकडच्यांनी स्लॅब टाकून बंद केलं की मधल्या खोलीला बाहेरची भिंतच उरत नाही. भर दुपारी ट्यूब लावून भाकरी थापणाऱ्या एका मावशी म्हणाल्या, “जागा वाढली भाऊ, पण उजेड गेला.”

२०१८ साली तुकाराम मुंढे पालिकेचे आयुक्त असताना या वाढीव बांधकामांवर खुणा पडू लागल्या आणि गदारोळ उठला. प्रशासन म्हणे बेकायदा, पुढारी म्हणत घरं वाचवा. बांधकाम किती जादा आहे यावर रकानेच्या रकाने छापून आले. कुठल्या खोलीत उजेड येतो, हा प्रश्न माझ्या वाचनात तरी आला नाही. वाढ होणारच होती. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठीच बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज आखलं तेव्हा घरांच्या भिंती एकमेकांना जोडल्या नाहीत, त्या एवढ्यासाठीच की प्रत्येकाला आपल्यापुरतं वाढता यावं. चिलीच्या आलेहांद्रो आरावेनानं इकीकेला अर्धं घर बांधून उरलेली अर्धी जागा आखून दिली. नाशिकला घर दिलं, वाढायची वाट आखली नाही. मागचा सहा फुटांचा पट्टा सोडा, वर हवे ते दोन मजले घ्या, इतकं जरी हप्त्याच्या पुस्तकावर छापलं असतं तरी निम्मा झगडा टळला असता.

पुढे जवाहरलाल नेहरू योजनेत नाशिकला घरकुलं आली, चुंचाळ्यासारख्या ठिकाणी. ती इमारतींमध्ये, मजल्यांवर. तिथे वाढायला जागा नाही आणि उजेड आखणाऱ्याच्या मर्जीवर. आता पंतप्रधान आवास आहे, एकत्रित विकास नियमावली आहे, सिंहस्थाच्या तोंडावर सगळं शहर उकरलेलं आहे. गोवंडीची दाटी इकडे यायला फार दिवस लागणार नाहीत. नियमावलीत बदल करायचा तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे तो प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. ती नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरांत येते. ती वाचा, आणि अंतर इमारतीच्या उंचीच्या निम्म्याहून कमी दिसलं तर दोन ओळींची हरकत लिहून नोटिशीत सांगितलेल्या कार्यालयात द्या. पोच मात्र घ्यायला विसरू नका.