कोळशाच्या संस्थेत समुद्राचे रेणू

जर्मनीत ऱ्हूर नदीकाठचं म्युलहाइम आपल्यापैकी एसेन-ड्युसेलडॉर्फकडच्या मंडळींना ठाऊक असेलच. १९१२ साली तिथे कोळशावरच्या संशोधनासाठी एक संस्था निघाली. आजही माक्स प्लांक संस्थेच्या त्या शाखेच्या नावात कोळसा आहे. पण गंमत अशी, की तिथल्या प्रा. आलोइस फ्युर्स्टनर यांच्या गटाने चक्क समुद्री जीवांतले रेणू प्रयोगशाळेत बनवून दाखवले, आणि त्यांतले काही कर्कपेशींना मारक आहेत.

आता समुद्रात कर्करोगाचं औषध कुठून आलं? खडकाला चिकटून बसलेल्या स्पंजाला ना पळता येत, ना चावता. त्यामुळे अंगात विष बाळगणं हाच त्याचा बचाव. पण हे विष मिळतं किती? १९८०च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी ६०० किलो स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन-बी काढलं, ते भरलं अवघं साडेबारा मिलिग्रॅम! या हिशोबाने औषध काढायचं तर समुद्रच खरवडावा लागेल. म्हणून ते प्रयोगशाळेत घडवायचं.

आम्हा इंजिनिअर लोकांना इथे एक हिशोब सुचतो. एकापाठोपाठ ६० पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीत ९० टक्के माल हाती लागला, तरी शेवटी हजारातले जेमतेम दोन रेणू उरतात. यावर उपाय आपल्या मोदकांचाच. एकीने सारण करायचं, दुसरीने उकड, आणि शेवटी एकत्र भरायचं. तुकडे वेगवेगळे बनवून जोडले, की सर्वांत लांब साखळी आखूड होते आणि नासाडी कमी होते.

ओकिनावाजवळच्या इए-जिमा बेटाच्या समुद्रात सापडलेले इएजिमलाइड ए ते डी हे चारही रेणू म्युलहाइमच्या गटाने बनवले आणि २००७ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. माल हाती आल्यामुळे चाचणी करता आली, आणि हे रेणू पेशीचा ॲक्टिनचा सांगाडा मोडतात हे कळलं. मात्र त्यांचं औषध झालेलं नाही.

हॅलिकॉन्ड्रिनचं झालं. हार्वर्डच्या प्रा. किशींनी १९९२ मध्ये तो अख्खा रेणू बनवला. त्याचा अर्धा भागच कामाचा, असं पुढे दिसलं. त्यावरून एरिब्युलिन तयार झालं. त्याला अमेरिकेत २०१० मध्ये आणि युरोपात २०११ मध्ये, स्तनाच्या पुढे गेलेल्या कर्करोगासाठी, मान्यता मिळाली. मोठ्या चाचणीत रुग्णांचं मध्यक आयुष्य १०.६ महिन्यांवरून १३.१ महिन्यांवर गेलं.

म्हणजे अठरा वर्षं खपून अडीच महिने. थोडे वाटतात? ज्यांच्या घरात आजारपण येऊन गेलंय, त्यांना विचारा.

भारतातून फोन येतो, "तुमच्याकडे जर्मनीत काही नवीन निघालंय म्हणे?" तेव्हा आधी एवढंच बघावं, की ते काचेच्या बशीतल्या पेशींवर तपासलंय की माणसांवर. बाकीचं डॉक्टरांशी बोलावं. आशा जरूर ठेवावी, पण बशी आणि बाटली यांतलं अंतर मोजून.