आधी पाणंद, मग फोर-बाय-फोर

डांबर सोडून गाडी घालायची हौस आली की मराठी माणसाला इगतपुरीजवळचं महिंद्राचं ऑफ-रोड प्रशिक्षण मैदान आठवतं. फी भरा, चिखलात उतरा, शिका. चांगलीच सोय आहे. पण बीड जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत डांबर सोडून जाणाऱ्या वाटा आधीपासून आहेत, त्याही सगळ्यांच्या हक्काच्या. पाणंद, शिवरस्ता, गाडीवाट ही त्यांची नावं. त्यांच्याबद्दल बीडकराला ठाऊक असायलाच हव्यात अशा काही गोष्टी.

एक रेष की दोन?

गावाचा जुना नकाशा उघडा. दोन तुटक रेषा शेजारी-शेजारी चाललेल्या दिसल्या तर तो गाडीमार्ग. रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकच तुटक रेष असेल तर तो पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. आकडे विचित्र वाटतात ना? आता गुंठा आठवा: ३३ फूट बाय ३३ फूट. तेहतीसचं निम्मं साडेसोळा आणि चौथाई सव्वाआठ! जमिनीच्या मापातच वाटेचंही माप बसतं. आजची थार सहा फुटांच्या आसपास रुंद आहे, म्हणजे कागदावरच्या गाडीमार्गावर समोरासमोर आलेल्या दोन थार एकमेकींना सहज ओलांडतील.

कागदावर. शेतात गेलं की चित्र निराळं. नांगरट करताना कडेचं एक तास वाटेत सरकतं, पुढच्या वर्षी आणखी एक. बांध कोरण्याची ही रीत प्रत्येक गावाला माहीत आहे आणि तिच्यावरून झालेली भांडणंही. काही वर्षांत साडेसोळा फुटांच्या जागी दोन्हीकडून बाभळी झुकलेली एक पट्टी उरते. श्रावणात त्या पट्टीवरून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल येते तेव्हा बघावं. पहिला गिअर, दोन्ही पाय चिखलात टेकवलेले, मडगार्डमध्ये काळी माती गच्च, मागून एक जण ढकलतोय आणि सकाळची डेअरी बंद व्हायला थोडाच वेळ उरलाय. जिल्ह्यातलं सगळ्यात अवघड ऑफ-रोडिंग हे आहे, आणि ते हौसेने कुणी करत नाही.

सहा महिने मोजा

वहिवाटीची वाट कुणी नांगरली, चर खोदून किंवा काटे टाकून अडवली, तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. कायद्याचं नाव मामलेदार न्यायालय अधिनियम, साल १९०६, कलम ५. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. ‘बघू, दिवाळीनंतर बसून मिटवू’ म्हणण्यात अनेकांचे हे सहा महिने निघून जातात. गंमत अशी की १९०६ साली बीड निजामाच्या राज्यात होतं. तेव्हाच्या मुंबई इलाख्यासाठी केलेला कायदा आज बीडच्या शेतकऱ्याच्या कामी येतो.

शेताला मुळात वाटच नसेल तर कलम वेगळं लागतं: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. इथे तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतो. मे २०२५ मध्ये शासनाने आणखी एक पाऊल टाकलं. शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी, असा निर्णय झाला. बैलगाडीच्या मापाची वाट ट्रॅक्टर, हार्वेस्टरला पुरत नाही, हे सरकारने मान्य केलं याचं मनापासून स्वागत. पाणंद पक्की करायला पैसेही आहेत. नोव्हेंबर २०२१ ची ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना’ रोजगार हमीच्या निधीशी जोडून आखली गेली.

पाणंदीतही हेल्मेट

‘शेतातच तर चाललोय’ ही सबब कायद्याला चालत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क असलेली कुठलीही वाट सार्वजनिक ठिकाण ठरते. मग ती कच्ची असो की पक्की. लायसन्स, विमा, हेल्मेट, सगळं लागू. बारावीच्या आतल्या पोराच्या हाती बुलेट देणाऱ्या वडिलांनी एवढं ध्यानात ठेवावं: २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गंगथडी आणि डोंगरपट्टा

एकाच जिल्ह्यात दोन तऱ्हेच्या वाटा. गेवराई, माजलगावकडे गोदावरीकाठची गंगथडी. तिथली काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत भरून बसते आणि चारही चाकांना जोर असला तरी गाडी जागची हलत नाही. उन्हाळ्यात हीच माती पाय जाईल एवढी भेगाळते. पाटोदा, आष्टी, धारूरकडे बालाघाटाचा डोंगरपट्टा: मुरूम, खडक, ओढे. पाऊस थांबला की थोड्याच वेळात वाट मोकळी होते. पैठणहून पंढरपूरला निघालेली नाथांची पालखी रायमोहा, पाटोदा करत हाच डोंगरपट्टा ओलांडते. आषाढीच्या आधीचे ते दिवस पायी चालणाऱ्यांचे. गाडीवाल्यांनी तेव्हा दुसरी दिशा धरावी.

आणि या वाटांचे खरे उस्ताद कोण, तर ऊसतोड कामगार. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडमधून लाखो माणसं कोयता घेऊन बाहेर पडतात. त्यांतल्या बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या ‘गाडी सेंटर’वाल्यांचं अर्धं कसब तोडणीत असतं आणि अर्धं भरलेली गाडी ओल्या फडातून, चाकोरी न सोडता, डांबरापर्यंत आणण्यात. बैलाच्या खांद्यावर जू किती दाबतंय हे चालत्या गाडीत ओळखणाऱ्या माणसाला ऑफ-रोडिंग कुणी शिकवावं?

इथे चाक नको

नायगाव मयूर अभयारण्य, पाटोदा तालुका, क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर. मोरांसाठी १९९४ मध्ये राखलेलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार आत जायला परवानगी लागते, आणि मिळालेली परवानगी काही आडरानात गाडी फिरवायची नसते. ज्या जिल्ह्यात जंगल इतकं थोडं, तिथे ते जपायलाच हवं.

माजलगाव धरणाचं पाणी ओसरलं की समोर सपाट, मऊ, मोकळी जमीन दिसते आणि गाडी घालायचा मोह होतो. घालू नका. ती गाळपेर जमीन असू शकते: पाणी हटल्यावर पेरणीसाठी दिलेली, कुणाच्या तरी वर्षाच्या पिकाची. माळरानही रिकामं नसतं. उन्हाळ्यात टिटवी उघड्या खड्यांतच अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात. एक फेरी आणि घरटं गेलं.

बाहेर काय चालतं?

कॅलिफोर्नियाने १९७१ मध्येच कायदा करून ऑफ-रोड गाड्यांसाठी सरकारी मैदानं राखायला सुरुवात केली. खर्च त्याच गाड्यांच्या नोंदणी शुल्कातून आणि इंधन करातून. इंग्लंडची गोष्ट आपल्या जास्त जवळची. तिथल्या जुन्या गाडीवाटांपैकी ज्यांवर मोटारीचा हक्क नीट नोंदलेला नव्हता, तिथला तो हक्क २००६ च्या कायद्याने बहुतांशी संपला. नोंद नाही तर हक्क नाही, हे तिथेही खरं ठरलं.

बीड शहरात रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर या शहराची सगळी ये-जा रस्त्यानेच. एवढ्या रस्त्यांवर अवलंबून राहिलेल्या जिल्ह्याने आपल्या वाटांची नोंद तरी पक्की ठेवायला हवी.

तेव्हा थारवाल्या मित्रांनो, बुलेटवाल्यांनो, एक काम करा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावाच्या नकाशाची नक्कल काढा. त्यातल्या तुटक रेषांवरून एकदा पायी चाला, कुठे वाट आहे आणि कुठे गिळली गेली आहे ते टिपा, आणि तो कागद पुढच्या ग्रामसभेत ठेवा. दूधवाल्याची मोटारसायकल जिथून सुखाने जाईल, तिथून तुमची फोर-बाय-फोरही जाईल.