मालक-खेळाडूंचा तह: एनएफएलची सॅलरी कॅप

दरवर्षी मार्चच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारचे चार वाजले की अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये नवे वर्ष सुरू होते. ज्यांचा करार संपला आहे आणि ज्यांच्या खात्यावर किमान चार हंगाम जमा आहेत, असे खेळाडू त्या क्षणी मोकळे होतात. त्यांनी हव्या त्या संघाशी करार करावा, यालाच फ्री एजन्सी म्हणतात. त्याच क्षणी लीगच्या 32 संघांपैकी प्रत्येकाचा पगारखर्च ठरलेल्या मर्यादेत बसलेला असावा लागतो. ही मर्यादा म्हणजे सॅलरी कॅप. 1994 साली ती पहिल्यांदा लागू झाली तेव्हा 3 कोटी 46 लाख डॉलर होती, 2025 मध्ये ती 27 कोटी 92 लाख डॉलरवर गेली. कॅप कशासाठी, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: श्रीमंत संघांनी सगळे चांगले खेळाडू विकत घेऊ नयेत, स्पर्धा बरोबरीची राहावी. हे उत्तर अगदीच खोटे नाही, पण अपुरे आहे. कॅप हा मुळात मालक आणि खेळाडू यांच्यात झालेला उत्पन्नाच्या वाटणीचा तह आहे. बरोबरीचे श्रेय ती घेते, पण त्यातले बरेचसे दुसऱ्याच नियमाचे आहे. आणि तहाची खरी किंमत मोजतात ते नवखे आणि मधल्या फळीतले खेळाडू.

तह म्हणायला कारण इतिहासात आहे. 1963 पासून लीगमध्ये ‘रोझेल रूल’ होता. करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघात गेला, तर जुन्या संघाला काय भरपाई द्यायची ते कमिशनर पीट रोझेल ठरवत. भरपाई किती लागेल याचा अंदाजच नसल्याने त्या वाटेला सहसा कोणी जात नसे. बाल्टिमोर कोल्ट्सचा जॉन मॅकी, जो खेळाडू संघटनेचा अध्यक्षही होता, न्यायालयात गेला आणि 1976 मध्ये अपील न्यायालयाने हा नियम मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही असे ठरवले. पण संघटनेने पुढच्याच करारात जिंकलेले बरेचसे परत देऊन टाकले. 1987 च्या संपात मालकांनी बदली खेळाडू उतरवून सामने खेळवले आणि संप मोडला. मग संघटनेने एक अजब चाल केली: 1989 मध्ये तिने कामगार संघटना म्हणून असलेला आपला दर्जाच सोडला. सामूहिक करारात मान्य झालेल्या बंधनांना मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण मिळते. संघटनाच नसेल तर ते संरक्षणही नाही, आणि खेळाडूंना दाव्याची वाट मोकळी. 1992 मध्ये मिनियापोलिसच्या ज्युरीने फ्रीमन मॅकनील हा खेळाडू आणि त्याच्या साथीदारांच्या बाजूने कौल दिला. पाठोपाठ रेजी व्हाइटच्या नावाने सामूहिक दावा आला आणि मालक तडजोडीला बसले. 1993 च्या या तडजोडीत खेळाडूंना फ्री एजन्सी मिळाली, मालकांना कॅप. दोन्ही एकाच कागदावर आल्या. कॅप समजून घेताना हे विसरले की सगळा अर्थच बदलतो.

रेजी व्हाइट स्वतः त्या पहिल्या मोसमातला सर्वांत मोठा मोकळा खेळाडू होता. मोठमोठी शहरे त्याच्या मागे असताना तो विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे या जेमतेम लाखभर वस्तीच्या, हाडे गोठवणाऱ्या थंडीच्या गावी गेला. चार वर्षांचे 1 कोटी 70 लाख डॉलर. जानेवारी 1997 मध्ये तिथल्या पॅकर्स संघाने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. कॅपचे समर्थक हे उदाहरण हमखास देतात. गंमत अशी की व्हाइटने सही केली तेव्हा कॅप लागूच झाली नव्हती. ग्रीन बेला एवढे पैसे देता आले ते टीव्हीच्या उत्पन्नामुळे. 1961 च्या कायद्याने लीगला सगळ्या संघांचे प्रक्षेपण हक्क एकत्र विकायची मुभा दिली आणि त्याचे पैसे तेव्हापासून सारखे वाटले जातात. पॅकर्स हा लोकांच्या मालकीचा एकमेव संघ असल्याने तेवढाच आपले हिशेब जाहीर करतो, आणि त्यातून बाकीच्यांच्या तिजोरीचाही अंदाज येतो. मार्च 2024 ला संपलेल्या वर्षात लीगकडून त्याच्या वाट्याला 40 कोटी 23 लाख डॉलर आले. 2023 च्या हंगामाची कॅप 22 कोटी 48 लाख होती. म्हणजे एकही तिकीट, एकही बर्गर विकण्याआधी सगळ्या खेळाडूंचा पगार भागून वर भरघोस शिल्लक! लहान गावाला तारणारी गोष्ट ही समान वाटणी आहे. कॅप नसती तर मालकांनी त्या शिलकीतला मोठा भाग खेळाडूंसाठी एकमेकांवर बोली लावण्यात घालवला असता.

यावर आक्षेप येतो की पैसा सारखा वाटला तरी एखादा अब्जाधीश मालक स्वतःच्या खिशातून ओतेल आणि स्पर्धा बिघडेल. आक्षेप रास्त आहे. पण पुरावा पाहू. अमेरिकन बेसबॉलमध्ये अशी पक्की कॅप नाही, पगारखर्चात प्रचंड तफावत आहे, तरीही 2001 ते 2023 या काळात एकाही संघाला लागोपाठ दोनदा विजेतेपद मिळाले नाही. उलट कॅप असलेल्या एनएफएलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी एकाच क्वार्टरबॅकच्या (संघाचे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या), टॉम ब्रेडीच्या, जोरावर सहा सुपर बोल जिंकले, आणि मग कॅन्सस सिटी चीफ्सची सद्दी सुरू झाली. बेसबॉलच्या बाद फेरीत नशिबाचा भाग मोठा असतो हे मान्य. तेव्हा कॅपचा परिणाम शून्य आहे असा दावा मी करणार नाही. एवढेच म्हणेन की हुकमी क्वार्टरबॅक आणि चाणाक्ष व्यवस्थापन असेल तर ती कोणालाही फारसे रोखत नाही.

रोखत का नाही, हे हिशेब जवळून पाहिला की कळते. समजा, एका खेळाडूशी पाच वर्षांचा करार झाला. सही करताना अडीच कोटी डॉलरचा साइनिंग बोनस आणि पहिल्या वर्षाचा मूळ पगार 15 लाख. त्याच्या खात्यात पहिल्याच वर्षी 2 कोटी 65 लाख जातात. कॅपच्या वहीत मात्र बोनस पाच वर्षांत विभागून मांडता येतो, म्हणून त्या वर्षी फक्त 65 लाख दिसतात. दोन हंगामांनंतर त्याला काढले, तर वहीत न मांडलेले दीड कोटी एकदम अंगावर येतात. खेळाडू गेला, खर्च राहिला: हाच ‘डेड मनी’. 1 जूननंतर काढले तर हा भार दोन वर्षांत वाटता येतो. शिवाय करार पाच वर्षांहून लहान असेल, तर ज्यात खेळाडू खेळणारच नाही अशी ‘व्हॉइड’ वर्षे त्याला जोडून बोनस आणखी पातळ करता येतो. न्यू ऑर्लिन्स सेंट्स तर दर वसंतात वाण्याच्या वहीतली उधारी पुढच्या पानावर ढकलावी तसे मूळ पगाराचे बोनसमध्ये रूपांतर करून मर्यादेत येत राहिले. 2021 ते 2024 या चारही हंगामांत त्यांना प्लेऑफ गाठता आली नाही. म्हणजे कॅपला दात आहेत, पण ती चावते उशिरा. आणि चावली तरी माणूस मरतो असे नाही. डेन्व्हर ब्रॉन्कोजनी 2022 मध्ये रसेल विल्सनशी पाच वर्षांचा 24 कोटी 50 लाखांचा करार केला, दोनच हंगामांत त्याला सोडले आणि साडेआठ कोटींचा डेड मनी ओढवून घेतला. त्याच 2024 मध्ये बो निक्स हा नवा क्वार्टरबॅक घेऊन ते प्लेऑफमध्ये पोहोचले.

हे जमले कारण नवखा खेळाडू स्वस्त असतो, आणि इथेच तहाची खरी झळ दिसते. 2010 मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्यांच्या वार्षिक निवडीत, पहिला निवडला गेलेला सॅम ब्रॅडफर्ड याला सहा वर्षांचे 7 कोटी 80 लाख मिळाले, त्यांतले 5 कोटी हमीचे. 2011 च्या नव्या सामूहिक करारात नवख्यांचे पगार कोष्टकात बांधले गेले आणि त्याच वर्षी पहिला आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे फक्त 2 कोटी 20 लाख मिळाले. वाचलेले पैसे अनुभवी खेळाडूंकडे जातील, असा युक्तिवाद होता. प्रत्यक्षात संघ स्वस्त पोरे आणि दोनचार महागडे तारे अशी मांडणी करू लागले आणि मधल्या फळीतला तिशीकडे झुकलेला खेळाडू सर्वांत आधी कापला जाऊ लागला. 2022 च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटी, 262 वा निवडला गेलेला ब्रॉक पर्डी 2023 च्या हंगामात 8 लाख 70 हजारांवर खेळला आणि सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. 2025 मध्ये त्याच्याशी 26 कोटी 50 लाखांचा करार झाला. पर्डीचे भले झाले. पण फ्री एजन्सीला चार हंगाम लागतात, आणि खेळाडू संघटनेच्या जुन्या आकड्यानुसार सरासरी कारकीर्द सव्वातीन वर्षांच्या आसपास असते. लीग हा आकडा मानत नाही. पहिल्याच हंगामात संघात टिकलेल्याची कारकीर्द सरासरी सहा वर्षांची असते, असे ती सांगते. तिचे खरे धरले, तरी त्या सहांतली चार बांधलेलीच निघाली.

ताऱ्यांनाही एक साखळी आहे, फ्रँचाइज टॅग. संघ दरवर्षी एका खेळाडूला त्याच्या जागेवरच्या सर्वोच्च पगारांच्या सरासरीएवढी रक्कम देऊन एक वर्ष अडकवू शकतो, दुसऱ्या वर्षी 20 टक्के वाढवून पुन्हा. मालकांचे म्हणणे असे की यात रडण्यासारखे काय आहे, रक्कम तर घसघशीत आहे. खरे आहे. पण पुढच्या आठवड्यात गुडघा जाऊ शकतो अशा धंद्यात एका वर्षाच्या मोठ्या रकमेपेक्षा अनेक वर्षांची हमी मोलाची. क्वार्टरबॅक कर्क कझिन्सने डोके शांत ठेवून 2016 आणि 2017 असे दोन टॅग झेलले, सुमारे 4 कोटी 40 लाख घेतले आणि 2018 मध्ये मिनेसोटाकडून तीन वर्षांचे 8 कोटी 40 लाख पूर्ण हमीसह मिळवले. असे निभावणारे थोडे.

मग खेळाडूंनी हा तह केलाच का, आणि तो अजून पाळतात का? कारण त्याला खालची बाजूही आहे. 2020 च्या करारानुसार लीगच्या उत्पन्नातला किमान 48 टक्के वाटा खेळाडूंचा आहे, आणि प्रत्येक संघाला तीन वर्षांच्या टप्प्यात कॅपच्या 90 टक्के रक्कम रोख खर्च करावीच लागते. कंजूष मालकाला यातून सुटका नाही. माझ्या मते सगळ्या रचनेतले सर्वांत प्रामाणिक कलम हेच. वाटा उत्पन्नाला बांधलेला असल्याने नुकसानही वाटून येते: कोविडमुळे 2021 मध्ये कॅप 19 कोटी 82 लाखांवरून 18 कोटी 25 लाखांवर उतरली.

आपल्याकडे आयपीएलमध्येही खर्चाची मर्यादा आहे. 2025 मध्ये लिलावाची थैली 120 कोटी रुपये होती आणि सामना मानधन वगैरे धरून प्रत्येक संघाची कमाल मर्यादा 146 कोटी. दहा संघांचे मिळून 1,460 कोटी. 2023 ते 2027 चे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटींना गेले, म्हणजे वर्षाला साधारण 9,678 कोटी. जाहिराती, प्रायोजक आणि तिकिटे बाजूला ठेवली तरी खेळाडूंचा वाटा 15 टक्क्यांच्या आसपास भरतो. एनएफएलमध्ये तो 48 आहे, कारण तिथे टेबलाच्या पलीकडे संघटना बसते. भारतात सध्या खेळणाऱ्या क्रिकेटपटूंची अशी संघटना नाही. बीसीसीआयच्या मान्यतेने 2019 मध्ये स्थापन झालेली संघटना निवृत्त खेळाडूंची आहे. पुढच्या लिलावात ऋषभ पंतसारखी 27 कोटींची बोली लागली की टाळ्या जरूर वाजवा, पण थैलीचा आकडा कोणी ठरवला, तेही विचारा.